पाचवा आणि सेहेचाळिसावा

२२ नोव्हेंबर २०२०चा सामना. वॉशिंग्टनच्या मैदानावर सिनसिनाटी बेंगल्सचा जो बरो चेंडू फेकण्यासाठी मागे सरकला, चेंडू हातातून सुटला आणि त्याच क्षणी समोरून आणि खालून दोन धिप्पाड गडी त्याच्यावर येऊन आदळले. डाव्या गुडघ्यातले स्नायुबंध फाटले. सात महिन्यांपूर्वी ज्याला साऱ्या देशातून पहिल्या क्रमांकावर निवडलं होतं, तो तेवीस वर्षांचा मुलगा गाडीवरून मैदानाबाहेर गेला. तोवर दहा सामन्यांत त्याला बत्तीस वेळा चेंडूसकट जमिनीवर लोळवलं गेलं होतं.

त्या दिवसापासून पुढच्या एप्रिलपर्यंत सिनसिनाटीत कुणालाही विचारलं असतं की, तुमच्या संघाला सर्वांत जास्त गरज कशाची आहे, तर उत्तर एकच आलं असतं: बरोला वाचवणारा माणूस आणा. आणि एप्रिलमध्ये संघानं आणला तो चेंडू झेलणारा.

हा वेडेपणा होता की हिशेब, हे समजून घ्यायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागेल. अमेरिकी फुटबॉलचा आपल्या फुटबॉलशी संबंध नावापुरता. तिथं चेंडू हातात घेऊन पळतात, हातानं फेकतात आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकतात. सरकता आलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. चढाई करणाऱ्या अकरा जणांचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच जणांची भिंत असते: मधोमध चेंडू मागे देणारा सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, दोन टोकांना टॅकल. दीडशे किलोच्या आसपासची ही माणसं, म्हणजे लाइनमन, सेंटर सोडला तर चेंडूला सहसा हातही लावत नाहीत. समोरून धावून येणाऱ्यांना अडीच-तीन सेकंद थोपवून धरायचं, एवढंच त्यांचं काम. तेवढ्या वेळात दूर पळत गेलेला रिसीव्हर मोकळा व्हायला हवा आणि चेंडू त्याच्याकडे निघायला हवा. ते जमलं नाही आणि क्वार्टरबॅक चेंडूसकट पडला, तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. उजव्या हातानं फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते. म्हणून डावा टॅकल म्हणजे त्याचे पाठीमागचे डोळे. जुन्या कबड्डीपटूंना डाव्या कोपऱ्याचं मोल सांगावं लागत नाही, तसंच हे.

त्याच हिवाळ्यात आणखी एका संघाला हीच भिंत छळत होती. ७ फेब्रुवारी २०२१ला टँपामध्ये सुपर बोल झाला आणि त्यात कॅन्सस सिटी चीफ्स ३१-९ असे हरले. त्यांचे दोन्ही टॅकल दुखापतींमुळे बाहेर होते. या व्यावसायिक लीगमधला सर्वांत गुणी क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स त्या संध्याकाळी चेंडू घेऊन मागे, बाजूला, पुन्हा मागे असा नुसता पळत राहिला. त्या अंतिम सामन्यात चीफ्सना एकही टचडाउन करता आला नाही, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे एकदाही नेता आला नाही.

दोन संघ, दोन उत्तम क्वार्टरबॅक आणि दुखणं एकच. औषध मात्र दोघांनी वेगवेगळं घेतलं, आणि पुढच्याच वर्षी दोघे अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर एकमेकांसमोर आले. ‘संघाची गरज’ हा शब्द किती फसवा आहे हे समजावून सांगायला मला याहून चांगली जोडी सापडलेली नाही.

आता नवे खेळाडू निवडण्याची रीत, म्हणजे ड्राफ्ट. एका क्रिकेटवेड्या मित्राला मी हे सांगायला गेलो, तर त्यानं मध्येच तोडलं, “म्हणजे लिलावच ना?” नाही. लिलावात जो जास्त बोली लावेल त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते, रांग असते. गेल्या हंगामात जो तळाला, तो रांगेत पहिला. जो अजिंक्य, तो शेवटचा. पाळी आली की महाविद्यालयीन खेळाडूंपैकी एकाचं नाव सांगायचं. मग तो खेळाडू तुमचा, त्याची इच्छा असो वा नसो. फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेलनं १९३५मध्ये ही कल्पना मांडली. त्याचा संघ गरीब होता आणि चांगली पोरं श्रीमंत संघांकडे जायची. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ला फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. पहिलं नाव पुकारलं गेलं ते जे बरवँगरचं, आणि गंमत अशी की तो या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

आता संघ बत्तीस आणि फेऱ्या सात. तीन दिवस हा सोहळा चालतो. २०२१मध्ये तो क्लीव्हलँडला झाला. पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला विचार करायला दहा मिनिटं होती. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे पहाटे साडेपाच. ३० एप्रिलची ती पहाट. कोरोनामुळे आपल्याकडे घराबाहेर पडायची सोय नव्हती, त्यामुळे ज्यांना या खेळाचं वेड आहे त्यांनी चहा घेऊन सारं पाहिलं असणार.

दहा मिनिटं हा देखावाच म्हणायचा. खरं काम आधीच्या वर्षभरात झालेलं असतं, आणि त्याची सुरुवात एका साध्या तक्त्यापासून होते. कोणत्या जागेवर पहिला कोण, त्याच्या मागे दुसरा कोण, तिसरा कोण. हंगामात एका संघात त्रेपन्न जण असतात. मैदानावर एका वेळी अकरा, पण चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे वेगळे. शिवाय लाथ मारणारे निराळेच. चाहता हा तक्ता पाहतो तेव्हा त्याला दिसतं ते आजचं चित्र: अमुक जागेवर कच्चा गडी आहे, तिथं भोक आहे. संघ चालवणारा माणूस त्याच तक्त्याशेजारी आणखी दोन तक्ते ठेवतो, पुढच्या वर्षाचा आणि त्याच्या पुढच्या वर्षाचा. कुणाचा करार संपतोय, कुणाचं वय एकतीस होतंय, कुणाचा पगार परवडेनासा होणार आहे. आज भक्कम दिसणारी जागा दोन वर्षांनी ओसाड पडणार, हे त्या तिसऱ्या तक्त्यात दिसतं. ग्रीन बे पॅकर्सनी २००५मध्ये चोविसाव्या क्रमांकावर ॲरन रॉजर्स हा क्वार्टरबॅक घेतला, तेव्हा त्यांच्याकडे ब्रेट फार्व्ह होता. त्या क्षणी संघात जर एखादी जागा भरलेली होती, तर ती हीच. रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला आणि पुढे संघाला अजिंक्यपद देऊन गेला.

या तक्त्यांखेरीज पैशाचाही एक हिशेब असतो. सगळ्या लीगला पगाराची एक सामायिक मर्यादा आहे. २०२१मध्ये ती प्रत्येक संघाला १८ कोटी २५ लाख डॉलर होती. मालक कितीही गडगंज असला तरी त्यापलीकडे जाता येत नाही. ड्राफ्टमधून आलेल्या नव्या खेळाडूचा पगार त्याच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरूनच येतो. पूर्वी तसं नव्हतं. २०१०मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डनं सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाखांचा करार मिळवला. वर्षभरात नियम बदलले आणि २०११चा पहिला खेळाडू कॅम न्यूटन चार वर्षांच्या २ कोटी २० लाखांवर आला.

या बदलाचा अर्थ वाटतो त्याहून मोठा आहे. पाचव्या क्रमांकाचा पगार ठरलेला, मग तिथं तुम्ही क्वार्टरबॅक घ्या, टॅकल घ्या नाहीतर गार्ड. बाजारात मात्र या जागांचे भाव एकमेकांपासून फार लांब आहेत. याच गोष्टीतल्या माणसांचे पुढचे करार पाहा. क्वार्टरबॅक बरो, सरासरी वर्षाला साडेपाच कोटी डॉलर. रिसीव्हर जमार चेस, चार कोटींच्या थोडं वर. टॅकल पेने सूएल, २ कोटी ८० लाख. सेंटर क्रीड हम्फ्री, १ कोटी ८० लाख, आणि हा करार झाला तेव्हा तो सेंटरमधला सर्वांत महागडा होता. म्हणजे ड्राफ्टचा वरचा क्रमांक ज्या जागेवर खर्च कराल, ती जागा बाजारात जेवढी महाग तेवढी तुमची बचत मोठी. चेसला पाचव्या क्रमांकाचे चार वर्षांचे मिळून तीन कोटींच्या आसपास डॉलर मिळाले. पुढे त्याच्या तोडीचा माणूस बाजारातून आणायचा, तर तेवढ्यात एक वर्षही भागलं नसतं.

चेंडू बगलेत घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकची किंमत याच हिशेबानं उतरली. एके काळचा हा खेळाचा राजा, पण २०१३ आणि २०१४मध्ये पहिल्या फेरीत एकाही रनिंग बॅकचं नाव आलं नाही. पाय लवकर थकतात, तिसऱ्या-चौथ्या फेरीतही बरा पळणारा सापडतो, आणि भिंत मोडकी असेल तर कितीही गुणी पळणारा तिथंच अडकतो. वरच्या क्रमांकावर तो घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. अपवाद आहेत, पण संघ अपवादांवर पैसे लावत नाहीत. निदान लावू नयेत.

मार्च महिना एप्रिलच्या आधी येतो, हेही लोक विसरतात. करार संपलेले खेळाडू मार्चमध्ये खुल्या बाजारात येतात, आणि शहाणा संघ गळकं छप्पर तिथंच शाकारून घेतो. कारण ड्राफ्टमधला मुलगा बावीस वर्षांचा, शिकाऊ. त्याच्यावर पहिल्याच पावसाची जबाबदारी टाकून चालत नाही. २०२१च्या मार्चमध्ये बेंगल्सनी रायली रीफ हा अनुभवी टॅकल उजव्या टोकासाठी, एका वर्षापुरता घेतला. डावा टॅकल जोना विल्यम्स २०१९च्या पहिल्या फेरीतला, तो होताच. बचावात ट्रे हेंड्रिकसन आणला, चिडोबी ओझी आणला. त्याच महिन्यात त्यांचा दहा वर्षांचा आधारस्तंभ, रिसीव्हर ए. जे. ग्रीन संघ सोडून गेला. पाठोपाठ जॉन रॉस हा दुसरा रिसीव्हरही गेला.

इथं जरा थांबा, कारण गरजेचा नकाशा इथंच बदलला. नोव्हेंबरात भोक होतं भिंतीत. मार्च संपेपर्यंत भिंतीला निदान ठिगळ लागलं होतं आणि झेलणाऱ्यांच्या रांगेत नवं भोक पडलं होतं. चाहत्यांच्या डोळ्यांपुढे मात्र अजून बरोचा गुडघाच होता. ते साहजिकच, जिव्हारी लागलेली जखम मोठी दिसते.

पाचव्या क्रमांकावर दोन नावं होती. पेने सूएल, अमेरिकन सामोआत जन्मलेला, ओरेगन विद्यापीठाचा टॅकल, अवघा वीस वर्षांचा; महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम लाइनमनला मिळणारी आउटलंड ट्रॉफी त्यानं २०१९मध्ये पटकावली होती. दुसरा जमार चेस, लुइझियाना स्टेटचा रिसीव्हर. त्याच २०१९च्या हंगामात तो संघ एकही सामना न हरता विजेता ठरला. चेसनं २० टचडाउन झेलले होते, आणि त्याला चेंडू देणारा होता जो बरो. कोरोनामुळे २०२०मध्ये दोघेही खेळले नव्हते. म्हणजे वर्षभर घरी बसलेल्या दोन मुलांमधून एक निवडायचा.

निवडीची पद्धत सांगतो. प्रत्येक संघाच्या खोलीत भिंतीवर दोन फळे असतात असं समजा. एकावर जागांनुसार उभे रकाने: टॅकल, गार्ड, रिसीव्हर, कॉर्नरबॅक. दुसऱ्यावर जागेचा विचार सोडून एकच उतरती यादी, सर्वांत चांगला वर. पहिला फळा गरजेचा, दुसरा गुणवत्तेचा. यावर वर्षानुवर्षं वाद रंगतात: गरज पाहून घ्यायचा की उपलब्धांमधला सर्वोत्तम? मला हा वाद पुस्तकी वाटतो. दुसऱ्या फळ्यावर पहिला आणि दुसरा यांच्यात फरक असा नसतोच. असतात ते थर. वरच्या थरात पाच-सहा जण, मग दरी, मग वीस-पंचवीस जणांचा पुढचा थर. एकाच थरातल्या दोघांमधून निवडताना गरज पाहावी. गरजेसाठी थर ओलांडून खाली उतरू नये. चांगले संघ साधारण असंच करतात. वाईट संघ पहिल्या फळ्यावर रिकामा रकाना पाहून घाबरतात आणि दुसऱ्या थरातला टॅकल पहिल्या थराच्या भावात घेतात.

चेस आणि सूएल एकाच थरातले होते. मग तराजू झुकवलं कशानं? त्या वर्षीच्या पिकानं. टॅकल आणि एकूणच भिंतीतल्या माणसांचं २०२१चं पीक भरघोस होतं. दुसऱ्या फेरीतही चांगला माल मिळणार, असा सगळ्यांचा अंदाज होता. म्हणून सवाल ‘टॅकल हवा की रिसीव्हर’ इतका सोपा राहिला नाही. आज चेस आणि उद्या दुसऱ्या फेरीतला लाइनमन, की आज सूएल आणि उद्या दुसऱ्या फेरीतला रिसीव्हर? जोडी कुठली चांगली? भाजी घेताना आपणही हेच करतो. मेथी बाजारभर असेल तर आधी आंबे पाहून घेतो.

तिसरी एक बाब मोजता येत नाही. बरो आणि चेस यांचं एकमेकांशी जमलेलं होतं. कुठं वळणार, कधी मान वळवणार, चेंडू खांद्याच्या कुठल्या बाजूला हवा, हे नव्या जोडीला शिकायला दोन हंगाम लागतात. या दोघांना ते येत होतं. शिवाय बरोची फेक चटकन सुटते. त्याला लवकर मोकळा होणारा झेलकरी मिळाला, तर भिंतीवरचा ताणही थोडा कमी होतो. बेंगल्सचे प्रशिक्षक झॅक टेलर आणि खेळाडू निवडीचे प्रमुख ड्यूक टोबिन यांनी पाचव्या क्रमांकावर चेसचं नाव दिलं. सूएल दोन जागा खाली डेट्रॉइटला गेला.

त्यावर अमेरिकेत जी टिंगल झाली ती सांगायला नको. ऑगस्टच्या सराव सामन्यांत चेसच्या हातून सोपे चेंडू सुटू लागले तेव्हा तर ऊत आला. महाविद्यालयीन चेंडूवर पांढरे पट्टे असतात, व्यावसायिक चेंडूवर नसतात, त्यामुळे चेंडू नीट दिसत नाही, असं तो बोलून गेला. नाचता येईना अंगण वाकडं, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

मग हंगाम सुरू झाला आणि बोलणी थांबली. ८१ झेल, १,४५५ यार्ड, १३ टचडाउन, चढाईतला वर्षाचा सर्वोत्तम नवोदित. २ जानेवारी २०२२ला चीफ्सविरुद्ध एकाच सामन्यात त्यानं २६६ यार्ड काढले. नवोदिताचा तो विक्रम ठरला. आदल्या वर्षी चारच सामने जिंकलेला संघ दहा जिंकला.

पण गोष्ट इथं संपवली तर ती अर्धी राहील. मघाशी मी जोडीचं म्हटलं. त्या जोडीतल्या दुसऱ्याचं काय झालं?

दुसऱ्या फेरीत बेंगल्सची पाळी होती अडतिसावी. ती त्यांनी न्यू इंग्लंडला दिली आणि बदल्यात सेहेचाळिसावी, एकशे बाविसावी आणि एकशे एकोणचाळिसावी घेतली. अशा अदलाबदलीसाठी नव्वदच्या दशकापासून डॅलस काउबॉइजचा एक भावतक्ता वापरात आहे. प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या नावानं तो ओळखला जातो. पहिल्या क्रमांकाला ३,००० गुण, पाचव्याला १,७००, अडतिसाव्याला ५२०, सेहेचाळिसाव्याला ४४०. उरलेली तफावत दोन जादा क्रमांकांनी पुरती भरून निघाली. कागदावर व्यवहार चोख. पण त्या आठ पायऱ्या उतरताना, भिंतीतली जी माणसं डोळ्यांसमोर होती ती गेली. सेहेचाळिसाव्या क्रमांकावर त्यांनी क्लेमसन विद्यापीठाचा जॅक्सन कार्मन घेतला. मुलगा टॅकल म्हणून खेळलेला, यांनी त्याला गार्ड करायचं ठरवलं. ती जागा त्याला कधीच पक्की करता आली नाही. खालच्या फेऱ्यांत आणखी दोन लाइनमन घेतले, त्यांचंही तेच झालं.

सतरा क्रमांकांनंतर, त्रेसष्टाव्यावर, ओक्लाहोमा विद्यापीठाचा सेंटर क्रीड हम्फ्री शिल्लक होता. त्याला घेतलं चीफ्सनी.

आता चीफ्सचं औषध पाहू. टँपातल्या पराभवानंतर साधारण महिनाभरातच त्यांनी दोन्ही जुन्या टॅकलना सोडून दिलं. त्यातला एरिक फिशर हा २०१३च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. अशा माणसाला निरोप द्यायला छाती लागते. मार्चमध्ये जो टूनी हा गार्ड पाच वर्षांच्या आठ कोटी डॉलरवर आणला. ड्राफ्टच्या थोडं आधी आपला पहिल्या फेरीतला एकतिसावा क्रमांक आणि आणखी काही क्रमांक बाल्टिमोरला देऊन ऑरलँडो ब्राउन ज्युनियर हा तयार डावा टॅकल घेतला. कारण एकतिसाव्या पाळीपर्यंत वरच्या थरातला टॅकल शिल्लक राहणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्रेसष्टाव्यावर हम्फ्री. आणि सहाव्या फेरीत, दोनशे सव्विसाव्या क्रमांकावर, टेनेसीचा गार्ड ट्रे स्मिथ. फुफ्फुसात रक्ताच्या गाठी होण्याचा जुना आजार म्हणून बाकीच्यांनी त्याला टाळलं होतं. सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यात हम्फ्री आणि स्मिथ दोघेही मैदानात उभे होते. खरेदी, अदलाबदल, ड्राफ्ट असे तिन्ही मार्ग वापरून अख्खी भिंत नवी, आणि पहिल्या फेरीचा एकही नवा मुलगा त्यात नाही.

दोन संघ ३० जानेवारी २०२२ला कॅन्सस सिटीत भिडले. आठ दिवसांपूर्वी नॅशव्हिलमध्ये टेनेसी टायटन्सनी बरोला नऊ वेळा लोळवलं होतं, तरीही बेंगल्स १९-१६ असे जिंकले होते. कॅन्सस सिटीत ते एका टप्प्यावर ३-२१ असे मागे होते. जादा वेळेत २७-२४नं जिंकले. दोन्ही सामन्यांत शेवटची विजयी लाथ होती एव्हन मॅकफर्सनची. हा किकर त्यांनी त्याच ड्राफ्टमध्ये एकशे एकोणपन्नासाव्या क्रमांकावर घेतला होता, आणि किकरवर क्रमांक वाया घालवला म्हणून नाकं मुरडणारेही कमी नव्हते. गरजांच्या कुठल्याही यादीत किकर वरच्या पाचांत नसतो. हरलेल्या संघाला विचारा.

१३ फेब्रुवारीचा सुपर बोल, लॉस एंजलिस रॅम्सविरुद्ध. बरो सात वेळा पडला. सामना संपायला मिनिटभरही उरलं नव्हतं, बेंगल्स २०-२३ असे तीन गुणांनी मागे, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, एक यार्ड हवा. चेंडू मागे आला. कडेनं चेस धावत सुटला. त्याच्यावर नेमलेला जेलन रॅम्सी, लीगमधला नामांकित कॉर्नरबॅक, घसरून पडला. चेस मोकळा होता, पुढे कुणी नव्हतं. तिकडे पाहायलासुद्धा बरोला वेळ मिळाला नाही. मधल्या भिंतीतून ॲरन डॉनल्ड आत घुसला होता, त्यानं बरोला गरकन फिरवलं आणि चेंडू जमिनीवर पडला.

या एका प्रसंगाकडे बोट दाखवून दोन्ही बाजूंचे लोक आजही आपापला मुद्दा सिद्ध करतात. सूएल घेतला असता तर बरोला वेळ मिळाला असता, असं एकजण म्हणतो. चेस नसता तर हा संघ इथवर आलाच नसता, असं दुसरा. माझा कौल सांगतो. पाचव्या क्रमांकाची निवड बरोबर होती. डॉनल्ड आला तो गार्डच्या अंगावरून, टोकाच्या टॅकलला चुकवून नव्हे. त्या जागेचं उत्तर सेहेचाळिसाव्या क्रमांकावर शोधायचं होतं, आणि चूक झाली ती तिथं. ‘भिंतीतला माणूस दुसऱ्या फेरीत मिळेल’ हा अंदाज खरा होता. तो मिळाला, फक्त दुसऱ्या संघाला. पहिल्या फेरीवर महिनोन्‌महिने काथ्याकूट करणारे आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी झोपलेले असतो, आणि पहिल्या फेरीतल्या धाडसाचं कर्ज त्या दुसऱ्या दिवशी फेडायचं असतं.

बेंगल्सना ते उमगलं असावं. २०२२च्या मार्चमध्ये त्यांनी बाजारातून तीन लाइनमन आणले. २०२३च्या मार्चमध्ये डावा टॅकल आणला. तो कोण, तर ऑरलँडो ब्राउन ज्युनियर, चीफ्सनी ज्याच्यासाठी एकतिसावा क्रमांक मोजला होता तोच. २०२४मध्ये पहिल्या फेरीत अमेरियस मिम्स हा टॅकल घेतला. त्याच २०२४च्या हंगामात चेस झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला आला. बरोनं ४,९१८ यार्डांची फेक केली. तरीही संघ बाद फेरीत पोचला नाही, कारण आता बचाव कोसळला होता. एका जागी ठिगळ लावावं तर दुसरीकडे उसवतं. पगाराची मर्यादा असलेल्या लीगमध्ये हे टळत नाही. सूएलचंही बरं चाललं आहे. डेट्रॉइटमध्ये उजव्या टोकाला खेळून २०२३ आणि २०२४मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम अकरांत निवडला गेला.

चीफ्सची ती भिंत फेब्रुवारी २०२३च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियासमोर उभी राहिली. त्या हंगामात फिलाडेल्फियानं सत्तर सॅक केले होते. अंतिम सामन्यात त्यांना एकही करता आला नाही आणि चीफ्स ३८-३५ असे जिंकले. पुढे ब्राउन सिनसिनाटीला गेला. त्याच्या जागी काही जणांना आजमावून झालं. फेब्रुवारी २०२५मध्ये पुन्हा फिलाडेल्फियाच समोर होता, तेव्हा गार्ड टूनीला डाव्या टॅकलच्या जागी उभं करण्याची वेळ आली होती. महोम्स सहा वेळा पडला, संघ २२-४० असा हरला. दोन महिन्यांनी, २०२५च्या ड्राफ्टमध्ये, पहिल्या फेरीच्या शेवटच्या म्हणजे बत्तिसाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीनं नाव पुकारलं: जॉश सिमन्स, ओहायो स्टेट, टॅकल.